बर्विनच्या आमच्या टॅव्हर्नमधले येते कार्यक्रम : रूट्स, ब्लूज, जाझ (शिकागो आणि आसपासच्या मंडळींसाठी)

बर्विनकर | मंगळवार, रात्री ९:४२

मंडळी, हा धागा मुख्यतः शिकागो आणि आजूबाजूला राहणाऱ्यांसाठी आहे, पण लांबच्यांनीही वाचा.

मी बर्विनमधे राहते, चौदा वर्षं झाली. शिकागोच्या पश्चिमेला जवळच असलेलं गाव, विटांच्या बैठ्या घरांचं, एकेकाळी चेक लोकांची वस्ती, आता बरीचशी मेक्सिकन कुटुंबं. घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर कोपऱ्यावर एक टॅव्हर्न आहे. लांबट खोली, जुनं लाकडी काउंटर, वर पत्र्याचं नक्षीदार छत आणि मागच्या भिंतीशी वीतभर उंचीचं स्टेज. सत्तर माणसं आली की खोली भरली. जाहिरात व्हायला नको म्हणून नाव-पत्ता आणि वादकांची नावं इथे देत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोस्टरचा फोटो पाठवते.

ऑक्टोबरात काय काय आहे ते सांगते.

दुसऱ्या शुक्रवारी दोघंच जण, एक गिटार आणि एक हार्मोनिका. गिटार धातूच्या अंगाची, करंगळीत काचेची नळी घालून ती तारांवरून घसरवत वाजवतात, त्याला स्लाइड म्हणतात. मिसिसिपी डेल्टाकडचा बाज, अगदी उघडा, मागे ड्रम नाही काही नाही. मला विचाराल तर महिन्यातला सगळ्यात चुकवू नये असा हाच.

तिसऱ्या शनिवारी चार जणांचा शिकागो ब्लूज बँड, इलेक्ट्रिक, शफल म्हणजे झुलता ठेका, लोक टेबलं बाजूला सारून नाचतात. रविवारी दुपारी तीनला रूट्स, म्हणजे फिडल, अकॉर्डियन आणि वॉशबोर्ड (कपडे घासायची पन्हाळी पत्र्याची फळी, ती गळ्यात अडकवून बोटांना टोपणं लावून वाजवतात). रविवारी दुपारी मुलांना आणता येतं. एरवी २१ पूर्ण, आयडी लागतो. शेवटच्या शुक्रवारी जाझ, हॅमंड ऑर्गन, टेनर सॅक्स आणि ड्रम्स. आणि दर गुरुवारी ब्लूज जॅम, कुणीही येऊन नाव लिहायचं आणि वाजवायचं.

आता धागा का काढला ते. गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी मी मोजलं, स्टेजवर पाच आणि समोर आम्ही चार. मालकीणबाई माझ्याशी नेहमी बोलतात, त्या म्हणाल्या की असंच राहिलं तर गुरुवारी बँड बंद करून मोठा टीव्ही लावायचा आणि मॅच दाखवायची असा विचार आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या मंडळाच्या गणपतीला, दिवाळीला शेकड्यांनी माणसं येतात, त्यातली दहा जरी महिन्यातून एकदा आली तरी फरक पडेल. म्हणून लिहितेय.

नेपरविलची_काकू | मंगळवार, रात्री १०:१५

छान लिहिलंयस गं. पण मला खरंच काही कळत नाही यातलं, रूट्स म्हणजे नेमकं काय? आणि ब्लूज म्हणजे सगळं दुःखाचंच असतं ना, दिवसभर काम करून रात्री रडगाणं ऐकायला जायचं असं आमचे हे म्हणतात. दुसरं म्हणजे आम्ही दोघंही पीत नाही, तिथे नुसतं बसलं तर चालतं का?

बर्विनकर | मंगळवार, रात्री ११:०३

काकू, चालतं. सोडा आणि लिंबाची फोड मागा, मीही बहुतेक वेळा तेच घेते. फक्त एक करा, सोड्यावरही टिप दारूइतकीच ठेवा, कारण काउंटरवरच्या मुलीचं घर टिपवर चालतं आणि तुम्ही खुर्ची तेवढाच वेळ अडवलेली असते. दाराशी दहा-पंधरा डॉलर कव्हर चार्ज असतो तो आमच्याकडे थेट बँडला जातो. शिवाय मधल्या वेळात बादली फिरते, तीही बँडची. टॅव्हर्नचं पोट काउंटरवर. त्यातूनच ते वीज, साउंडवाला आणि वर्षाची गाण्यांची परवाना फी भरतात, हो, दुसऱ्यांची गाणी वाजवायची तर ॲस्कॅप, बीएमआय अशा संस्थांना जागेच्या मालकाने पैसे भरावे लागतात, हे मलाही उशिरा कळलं. म्हणून ज्या रात्री माणसं येत नाहीत त्या रात्री एका छोट्या जागेला गाणं खरंच परवडत नाही.

रूट्स हा तसा एक प्रकार नाही, ती मोठी टोपली आहे. ब्लूज, गॉस्पेल, डोंगराकडचं ब्लूग्रास, जुनं कंट्री, लुइझियानाच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचं केजन, तिथल्याच काळ्या क्रिओल लोकांचं झायडेको, टेक्सासच्या सीमेवरचं अकॉर्डियन, इथल्या पोलिश आणि चेक लोकांची पोल्का सुद्धा. म्हणजे जे लोक घरात, शेतात, चर्चमधे, लग्नात वाजवत होते आणि ज्यावर पुढचं सगळं उभं राहिलं ते.

आणि ब्लूज रडगाणं नाही हो. शब्द दुःखाचे असतात बरेचदा, पण ते शनिवारी रात्री नाचत गायचं गाणं आहे. आठवडाभर कत्तलखान्यात नाहीतर पोलादाच्या कारखान्यात राबलेली माणसं शनिवारी ऐकायला यायची, ती काय रडायला येणार? शफलचा ठेका सुरू झाला की तुमचा पाय आपोआप हलतो, काकांचाही हलेल.

शाहिराचा_नातू | बुधवार, सकाळी ७:२०

कामावर जाताना ट्रेनमधून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

ताई, तुम्ही म्हणालात त्यात मला एक भर घालायची आहे. माझे आजोबा सांगली भागात पोवाडे गायचे, लहानपणी मी त्यांच्या मागे झील धरायला उभा राहायचो, म्हणजे शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात, जी जी रं जी करतात. इथे पहिल्यांदा ब्लूज ऐकला तेव्हा माझ्या हे लक्षात आलं की गाणारा दोन मापं (एक माप म्हणजे चार मात्रा) गातो आणि पुढची दोन मापं गिटार नाहीतर हार्मोनिका त्याला उत्तर देते, म्हणजे झीलकरीच आहे तो, फक्त तो तोंडाने न बोलता वाद्याने बोलतो. शेतात कापूस वेचताना एकाने हाक घालायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, तिथून हे आलं. आपल्याकडे जात्यावर दोघी बसायच्या, एकीने ओवी म्हणायची, दुसरीने पुढची, दगड फिरतोय तोवर ओवी चालू. काम आणि गाणं एकत्र असलं की गाण्याचा आकार कामासारखा होतो, असं मला वाटतं.

आणि ओळ परत म्हणायची पद्धतही बघा. ब्लूजमधे पहिली ओळ, मग तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ जी गाठ मारते. दुसऱ्यांदा म्हणताना तोवर ऐकणारा तयार झालेला असतो आणि गाणाऱ्याला तिसरी ओळ जुळवायला वेळ मिळतो. आजोबा पण असंच करायचे, ऐनवेळी शब्द सुचेपर्यंत आधीची ओळ घोळवायची.

हार्मोनियमवाला | बुधवार, दुपारी १२:४८

वा! वाचनखूण साठवली.

मी पेटी वाजवतो, मंडळाच्या भजनात आणि कधी नाट्यगीतांना साथ करतो. तुमच्या गुरुवारच्या जॅमबद्दल विचारायचं होतं, पेटी घेऊन आलो तर चालेल का, की लोक विचित्र नजरेने बघतील? आणि ब्लूजचं ते बारा मापांचं आवर्तन जे म्हणतात ते कुणी आपल्या भाषेत समजावून सांगेल का, यूट्यूबवर बघितलं पण पाश्चात्य संज्ञांमधे अडकायला होतं.

बर्विनकर | बुधवार, संध्याकाळी ६:३०

नक्की चालेल! हार्मोनियम, हार्मोनिका आणि अकॉर्डियन ही तिन्ही एकाच कुळातली, धातूच्या पातळ पट्टीवर हवा सोडली की ती थरथरते आणि सूर येतो, त्यामुळे तुमची पेटी तिथे पाहुणी नाही, नात्यातली आहे.

बारा मापांचं मला समजलं तसं सांगते, शाहिराचा_नातू दादा चुकलं तर सांगा. एक माप चार मात्रांचं, अशी बारा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. सा ज्याला धराल त्यावर पहिली चार मापं सा चा कॉर्ड (म्हणजे त्यावर उभे केलेले तीन-चार सूर एकदम). मग दोन मापं म चा, दोन पुन्हा सा चा. मग एक प चा, एक म चा, आणि शेवटची दोन सा वर परत. शेवटच्या मापात प कडे एक झोका घेतात, त्याला टर्नअराउंड म्हणतात, त्याने समेवर यायची ओढ लागते, मुखडा पकडताना लागते तशीच. एवढं डोक्यात बसलं की जॅममधे बसता येतं, बाकी कान.

सूर कुठला ते मात्र आधी विचारा. गिटारवाले ई आणि ए मधे सुखी असतात, म्हणजे तुमची पांढरी तीन आणि पांढरी सहा. सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटवाला असला तर तो बी फ्लॅट म्हणणार, म्हणजे काळी पाच. आणि पेटी ४४० ला (म्हणजे मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झला) लावलेली आहे ना तेवढं बघून घ्या, नाहीतर सगळ्यांनाच त्रास.

एकच अडचण येईल आणि ती तुम्हाला आधीच माहीत असणार. ब्लूजचा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, मधे कुठेतरी असतो, गिटारवाला तार खेचून तिथे जातो, गळा तर जातोच. पेटीवर तो मिळत नाही. पियानोवाले काय करतात तर कोमल गंधार चुटकन लावून शुद्धावर सरकतात, कानाला मधल्याचा भास होतो.

हार्मोनियमवाला | बुधवार, संध्याकाळी ७:०५

हे आम्ही कणाच्या रूपात वाजवतोच की!! आत्ताच करून बघितलं, बायको आतून म्हणाली हे काय नवीन. येतो मी.

एक_वाचक | बुधवार, रात्री ९:३८

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नये. कला वगैरे ठीक आहे पण शेवटी तो दारूचा गुत्ताच. माझ्या घरात दारूने झालेलं नुकसान मी पाहिलेलं आहे. आपल्या मुलाबाळांना, मंडळातल्या तरुणांना तिकडे चला म्हणून सांगणं मला पटत नाही. हेच संगीत एखाद्या सभागृहात ऐकलं तर काय बिघडतं?

बर्विनकर | बुधवार, रात्री १०:५०

राग अजिबात नाही. तुम्ही जे पाहिलंय त्यापुढे मी वाद घालणार नाही, आणि तुम्ही तिथे येऊ नका, सभागृहात नक्की ऐका. दर जूनमधे शिकागो ब्लूज फेस्टिव्हल असतो मिलेनियम पार्कात, १९८४ पासून चालू आहे, फुकट, उघड्यावर. इथल्या कामगार दिनाच्या सुट्टीच्या सुमारास, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, जाझ फेस्टिव्हल असतो तोही फुकट. आणि लिंकन अव्हेन्यूवर ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक आहे, १९५७ सालापासूनची संस्था, तिथे मुलांना शिकायलाही घालता येईल.

पण हा प्रश्न त्या लोकांच्या घरातही होता. चर्चला जाणारी माणसं ब्लूजला सैतानाचं गाणं म्हणायची. थॉमस डॉर्सी म्हणून होते, ब्लूजचे पियानोवादक, ब्लूज गायिका मा रेनी यांच्याबरोबर वाजवायचे, जॉर्जिया टॉम नावाने रेकॉर्डिंग करायचे. १९३२ साली बाळंतपणात त्यांची बायको गेली आणि बाळही गेलं. त्या दुःखातून ते गॉस्पेलकडे पूर्णपणे वळले, इथल्याच साउथ साइडच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमधे गाणाऱ्यांचा चमू घेऊन आयुष्य काढलं, आज त्यांना गॉस्पेलचे जनक म्हणतात. पण पियानोवरचा हात तोच होता, ब्लूजचाच. रविवारच्या सकाळी चर्चमधे जे वाजतं आणि शनिवारी रात्री टॅव्हर्नमधे जे वाजतं त्यांचं रक्त एकच आहे. म्हणून मी त्या खोलीला नुसता गुत्ता म्हणू शकत नाही.

एक_वाचक | बुधवार, रात्री ११:१२

डॉर्सींचं माहीत नव्हतं. धन्यवाद. रविवार दुपारचा कार्यक्रम बघू, मुलीला फिडल आवडतं.

धोबीतलाव | गुरुवार, सकाळी ६:५५ (मुंबई)

इथे मुंबईतून हजेरी लावतोय. वय सत्तरीपार, त्यामुळे तुमच्या टॅव्हर्नला काही येणं होत नाही आता, पण धागा वाचून राहवलं नाही.

१९७८ साली पहिली जाझ यात्रा झाली, रंगभवनला, आमच्या कॉलेजच्या शेजारी. उघड्यावरचं रंगमंदिर, खुर्च्या, वर झाडं आणि समोर सनी रॉलिन्स. मी तेव्हा विद्यार्थी, तिकिटाला पैसे उसने घेतले होते. एकट्या सॅक्सोफोनवर तो माणूस इतका वेळ वाजवत होता की बाकीचे वादक हात थांबवून ऐकत उभे राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं तिथे जाझ ऐकलं, पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवनचे कार्यक्रम बंद पडले. ती जागा बंद झाल्यावर माझं ऐकणं मोडलं असं म्हटलं तरी चालेल. नंतर महेबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, पहिल्याच वर्षी शिकागोचे ब्लूज गिटारवादक बडी गाय आले होते, ऐकलं, उत्तम होतं, पण वर्षातून दोन दिवस आणि दर आठवड्याचा गुरुवार यात फरक असतो. गुरुवार जपा ताई.

आणि तुमच्या गावाचं मुंबईशी जुनं नातं आहे ते सांगतो. टेडी वेदरफोर्ड नावाचे पियानोवादक, १९२० च्या दशकात शिकागोत अर्स्किन टेट यांच्या ऑर्केस्ट्रात होते, त्याच ऑर्केस्ट्रात लुई आर्मस्ट्राँगही होते. वेदरफोर्ड तिथून निघाले ते शांघाय करत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले, मग कलकत्त्याला ग्रँड हॉटेलात. १९४५ साली कलकत्त्यातच कॉलऱ्याने गेले, वय चाळीसच्या आसपास. त्यांच्या बँडात आपले गोव्याचे वादक होते. म्हणजे शिकागोचा हात मुंबईच्या वादकांना प्रत्यक्ष मिळाला, रेकॉर्डवरून नाही.

मडगांवकार | गुरुवार, सकाळी ८:३०

धोबीतलाव काका, तुम्ही नाव घेतलंत म्हणून लिहितोय. माझे आजोबा व्हायोलिन वाजवायचे, गावच्या इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत मास्तरांकडे सोल्फेज शिकले, म्हणजे आधी स्वरलिपी वाचायची, मग वाद्याला हात. मग मुंबईला बोटीने, धोबीतलावच्या कुडीत मुक्काम. कूड म्हणजे गावागावाचा क्लब, एकेक सामानाची पेटी आणि निजायला जागा, खलाशी, आचारी, वादक सगळे तिथेच. रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, ही सगळी आमच्याकडची माणसं. पुढे क्रिस पेरींनी जाझ कोंकणी गाण्यात आणला, लोर्ना गायच्या, आमच्या घरात अजून लागतात ती गाणी.

टॅव्हर्न म्हटलं की आम्हाला तावेर्नच आठवते, गावच्या तिठ्यावरची, चार बाकं आणि फेणी, कुणीतरी गिटार काढतं आणि मांडो (आमचं कोंकणी गाणं) सुरू होतो. तिथे तिकीट नव्हतं आणि स्टेजही नव्हतं, पण ऐकणाऱ्याला माहीत असायचं की गाणाऱ्याचं घर कुठलं. बर्विनकरबाईंनी लिहिलंय ते वाचून मला तसंच काहीतरी वाटलं.

बर्विनकर | गुरुवार, दुपारी १:१०

काका, मडगांवकार, डबा खाता खाता वाचतेय आणि घशाशी आलं. बोट, कूड, एक पेटी आणि रात्री वाजवायला जाणं. इथली गोष्टही हीच आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेला जवळजवळ साठ लाख काळी माणसं आली, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालं ते १९७० पर्यंत. मिसिसिपीवाल्यांची गाडी ठरलेली, इलिनॉय सेंट्रल, न्यू ऑर्लिन्सहून निघून मिसिसिपीतून सरळ शिकागो. बरोबर पुठ्ठ्याची बॅग, डब्यात कोंबडी, इथे कुणीतरी मामा नाहीतर आत्या आधी आलेली. शिकागो ब्लूजचे मोठे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ ला असेच आले. तिकडे मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचे, इथे कागदाच्या कारखान्यात लागले, ट्रकही चालवला. गिटार होती पण इथल्या टॅव्हर्नमधे माणसांच्या कलकलाटात साधी गिटार ऐकूच येईना, तेव्हा मामांनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. शिकागो ब्लूजचा तो मोठा, कडक आवाज जो जगभर गेला, त्यामागे हे इतकं साधं कारण आहे, खोलीत गर्दी होती. लिटल वॉल्टर हार्मोनिका तशीच ओंजळीत स्वस्तातल्या माइकबरोबर धरून ॲम्प्लिफायरमधून वाजवायला लागले आणि त्या वाद्याचा आवाजच बदलून गेला.

म्हणजे हे संगीत आधी झालं आणि मग टॅव्हर्नमधे आणलं असं नाहीये, ते टॅव्हर्नच्या खोलीत घडलंय, त्या भिंती, तो गोंगाट, समोर हातभर अंतरावर बसलेली ओळखीची माणसं यांनी ते घडवलंय. स्टेडियममधे मी ब्लूज ऐकलाय, पडद्यावर बोटं दिसतात मोठी मोठी. पण आमच्या खोलीत स्लाइडवाल्याची नळी तारेला टेकायच्या आधीचा तो बारीकसा काचेचा आवाज ऐकू येतो.

शाहिराचा_नातू | गुरुवार, दुपारी २:२५

+१. छोट्या अंतराचं अगदी बरोबर. पोवाडा लाउडस्पीकरवर गेला आणि झील मागे पडली, शाहीर एकटाच ऐकू यायला लागला.

नेपरविलची_काकू | गुरुवार, दुपारी ४:००

अगं मग मडी वॉटर्स वाजवायचे ती जागा आहे का अजून? यांना इतिहास आवडतो, ते दाखवायच्या निमित्ताने घराबाहेर काढते.

बर्विनकर | गुरुवार, संध्याकाळी ५:४०

साउथ साइडची त्या काळातली टॅव्हर्नं बहुतेक सगळी गेली काकू. मॅक्सवेल स्ट्रीटचा रविवारचा बाजार, जिथे वादक आजूबाजूच्या घरातून विजेची वायर ओढून रस्त्यावर वाजवायचे, तोही १९९४ ला विद्यापीठाच्या विस्तारात उठला. हे लिहिताना वाईट वाटतं. पण मिशिगन अव्हेन्यूवर २१२० नंबरची इमारत उभी आहे, मडी वॉटर्स यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स कंपनीची, तिथे आता ब्लूजचे गीतकार आणि बेसवादक विली डिक्सन यांच्या नावाची ब्लूज हेवन संस्था आहे आणि आत जाऊन बघता येतं. काकांना आधी तिथे न्या.

चालू असलेल्या जागांपैकी अपटाउनचं ग्रीन मिल १९०७ सालचं आहे, जाझसाठी जा, पण तिथे सेट चालू असताना कुजबुज केलीत तरी लोक वळून बघतात आणि ते योग्यच आहे. आर्मिटेजवर रोझाज लाउंज आहे, १९८४ पासून. टोनी मँजुलो नावाचा इटालियन तरुण ब्लूजच्या ओढीने शिकागोला आला, आई रोझा त्याच्यामागे आली, आणि दोघांनी मिळून ते उघडलं. मला ही गोष्ट फार आवडते, या मातीत न जन्मलेला माणूस नुसता ऐकणारा म्हणून आला आणि खोली राखणारा झाला. आमच्याच बर्विनमधे रूझवेल्ट रोडवर फिट्झजेराल्ड्स आहे, रूट्ससाठी मोठं नाव, तिथेही जाच. पण माझा धागा कोपऱ्यावरच्या छोट्या खोलीसाठी आहे, कारण मोठ्या नावांकडे पर्यटक जातात, इकडे फक्त शेजारी येतात आणि शेजारी आले नाहीत तर कुणीच येत नाही.

पारिजातक | गुरुवार, रात्री ८:१०

मी वेस्टमाँटला एकटी राहते, नोकरीसाठी आलेय. एकट्या बाईने जाणं कसं आहे तिथे? आणि गाडी नाहीये माझ्याकडे.

बर्विनकर | गुरुवार, रात्री ८:३२

मी पहिल्यांदा एकटीच गेले होते. जानेवारीतली संध्याकाळ, गाडीची बॅटरी मेलेली, बाहेर उणे पंधरा, टो ट्रकला दोन तास लागणार म्हणाले. समोर दिवा दिसला म्हणून आत शिरले, काउंटरवरच्या बाईंनी न विचारता गरम पाणी आणि लिंबू पुढे ठेवलं. आत माणसं पाच-सहा. बँडने सुरू केलं आणि त्या पाच-सहांसाठी असे वाजवले की बाहेर ट्रक येऊन हॉर्न देतोय हे मला ऐकूच आलं नाही. तेव्हापासून जातेय. काउंटरच्या स्टेजकडच्या टोकाला बसायचं, तिथे नेहमीची माणसं असतात, लक्ष ठेवतात. तू आलीस तर मी आहेच.

आणि वेस्टमाँटला राहतेस म्हणजे मडी वॉटर्स यांच्या गावात राहतेस! शेवटची वर्षं ते तिथेच होते, १९८३ ला गेले. बीएनएसएफ लाइनची मेट्रा (इथली लोकल) धर, वेस्टमाँटहून थेट बर्विन, स्टेशनापासून चालत बारा मिनिटं, मी घ्यायला येईन. परतीची शेवटची गाडी ॲपवर बघून ठेव, शुक्रवारी दुसरा सेट संपायला साडेअकरा होतात. नेपरविलचे लोकही याच लाइनवर आहेत काकू, गाडी आणायची गरज नाही.

हार्मोनियमवाला | गुरुवार, रात्री ११:५५

आत्ता तिथूनच घरी आलो. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबवेना म्हणून आज जॅम बघायला गेलो, पेटी न नेता, नुसता ऐकायला. सविस्तर उद्या लिहितो, एवढंच सांगतो की एक म्हातारे गृहस्थ, पंचाहत्तरच्या पुढचे नक्कीच, काठी टेकत स्टेजवर गेले, खुर्चीत बसले, काठी ॲम्प्लिफायरला टेकवून ठेवली आणि एका सुरावर, एकाच, पूर्ण चार मापं राहिले. दाणेदार तान घेता आली असती त्यांना, हात दिसत होता ना, पण नाही घेतली. माझे गुरुजी म्हणायचे सूर लागला की त्याला सोडू नये. मी सेट संपल्यावर जाऊन पाया पडलो, त्यांना ते काय ते कळलं नसेल कदाचित, पण त्यांनी माझा हात धरून ठेवला.

खोलीत बाराजण होते. पुढच्या गुरुवारी पेटी घेऊन येतो.

धोबीतलाव | शुक्रवार, सकाळी ११:२० (मुंबई)

हार्मोनियमवाले, सविस्तर लिहाच. कुणाला जमलं तर त्यांची परवानगी घेऊन एखादं रेकॉर्डिंगही पाठवा, पूर्ण सेट, मधला तुकडा नको. आणि एक विनंती, बेस सोलो (खर्जाच्या वाद्याचं एकट्याचं वादन) चालू असताना बोलू नका. आवाज हळू असतो म्हणून नेमकं तेव्हाच लोक बोलायला लागतात, रंगभवनलाही हेच व्हायचं.

बर्विनकर | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

काका, परवानगी विचारते. बेसचं तर दारावर पाटी लावून लिहावं असं आहे.

आत्तापर्यंतचा हिशेब: स्लाइडच्या शुक्रवारी पारिजातक, शाहिराचा_नातू दादा आणि त्यांचे दोन मित्र, नेपरविलच्या काकू-काका. रविवारी एक_वाचक आणि त्यांची मुलगी. पुढच्या गुरुवारी हार्मोनियमवाले. मालकीणबाईंना सांगितलं, स्टेजच्या डावीकडची दोन टेबलं जोडून ठेवतायत. कुणाच्या घरच्या चकल्या असतील तर आणा, त्यांना बाहेरचं खाणं चालतं, फक्त काउंटरवर पण एक ताटली द्यायची.

पेटीचं साउंडवाल्याशी बोलले. तो म्हणाला माइक मागून लावू की पुढून, मी म्हटलं मागच्या बाजूला भाता असतो, तिथे हात हलणार, वरून तिरका लाव. हार्मोनियमवाले, तुम्ही पावणेसातला या म्हणजे सूर जुळवून बघता येईल, जॅमची यादी सातला उघडते. आणि सगळ्यांनी पार्किंगच्या बाजूच्या दारातून या. पुढचं दार स्टेजला लागून आहे, गाणं चालू असताना ते उघडलं की गार वारा थेट बेसवाल्याच्या पाठीवर जातो.